किल्ल्या कुणाच्या?

नमस्कार श्रोतेहो.

लंडनमधला राजाचा पहारा म्हटलं की बकिंगहॅम राजवाडा डोळ्यांपुढे येतो. तिथे मीही जाऊन आलो. लाल डगले, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या, आणि आमच्यामध्ये वर धरलेले शेकडो मोबाईल. मला टोप्या तेवढ्या दिसल्या.

पहारा खरा अनुभवला तो टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात, रात्री. तिकीट बरंच आधी काढावं लागतं आणि फोटोला सक्त मनाई. त्यामुळे माणूस निमूट कान देऊन उभा राहतो.

बरोबर 9 वाजून 53 मिनिटांनी लांब तांबड्या डगल्यातला मुख्य पहारेकरी निघतो. एका हातात मेणबत्तीचा कंदील, दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा. बरोबर शिपाई. एकेक दरवाजा बंद होत जातो. फरसबंदीवर बूट वाजतात, बाकी काही नाही. मग ब्लडी टॉवरच्या कमानीपाशी शिपाई असा काही खेकसतो की आपणच दचकावं.

"थांब! कोण येतंय?"

"किल्ल्या."

"कुणाच्या किल्ल्या?"

"राजे चार्ल्स यांच्या किल्ल्या."

तेव्हा कुठे वाट मिळते! 2022 पर्यंत या उत्तरात राणी एलिझाबेथ होत्या, तब्बल 70 वर्षं. बदललं ते एवढंच.

हा रिवाज सुमारे 700 वर्षांचा. दुसऱ्या महायुद्धात एकदा ऐन वेळी बॉम्ब पडले, ही मंडळी धक्क्याने कोसळली, उठली, कपडे झटकले आणि पुढे चालू लागली. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने उशिराबद्दल राजाला माफीचं पत्र लिहिलं. राजाने कळवलं, उशीर शत्रूमुळे झाला, शिक्षा नको.

रात्री दहाची वेळ बांधून दिली ती 1826 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनने. हा कोण, ठाऊक आहे? 1803 मध्ये आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, तोच आर्थर वेलस्ली!

दहाचे टोले पडले. बिगुल वाजला. किल्ल्या आत गेल्या. आणि माझ्या ध्यानात आलं, दरवाजे तर सगळे बंद, आणि आम्ही आत. रायगडावरची हिरकणी आठवली. तेवढ्यात एका पहारेकऱ्याने हसत दिंडी दरवाजा उघडला. कडा उतरावा लागला नाही.