सव्वासात डॉलरचं टेबल

मंडळी, अमेरिकेतला कॅम्पस जॉब काय असतो हे आपल्यातल्या बऱ्याच घरांना माहितीये. पण फौजेतून सुटून कॉलेजला येणाऱ्या मुलांसाठी तिथे वेगळी वर्क-स्टडी, म्हणजे शिकता शिकता काम करायची, स्कीम आहे, आणि तिचे पैसे कॉलेज नाही, थेट व्हीए देतं, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं. स्कीम चांगलीये, पण रेटमध्येच गोची आहे.

फेडरल मिनिमम वेज किंवा त्या स्टेटचं मिनिमम वेज, जे जास्त असेल ते मिळतं. ऐकायला बरं वाटतं, पण फेडरल आकडा २००९ पासून ७.२५ डॉलरवरच बसलाय, त्यामुळे टेक्सासात तेवढेच मिळतात आणि कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये त्याच कामाचे १६.५०. आठवड्याला सरासरी २५ तासांची लिमिट आहे, १५ आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर ३७५ तास, म्हणजे एकाला साधारण २,७०० डॉलर आणि दुसऱ्याला ६,१०० च्या वर! टॅक्स लागत नाही हे मान्य, पण ते दोघांनाही लागत नाही.

आता सव्वासात डॉलरचं टेबल कशाचं, तेही बघा. या स्कीमवर काम करणारा विद्यार्थी कॉलेजात नव्याने आलेल्या माजी सैनिकांना मदत करायला बसतो, ते हे टेबल. नुकताच सुटलेला मुलगा येतो, ऑनलाइन फॉर्म अर्धा भरलेला, जुनं माँटगोमेरी जीआय बिल सोडून नवं पोस्ट-नाइन-इलेव्हन जीआय बिल घ्यायचं का (जीआय बिल म्हणजे सैनिकांना शिक्षणासाठी पैसे देणारी सरकारी योजना) असं स्क्रीन विचारतेय, आणि एकदा घेतलं की साधारणपणे मागे फिरता येत नाही. टेबलापलीकडचा, तोही फौजेतलाच, म्हणतो, "थांब, अजून सबमिट करू नकोस, तुझी सर्व्हिस एकदाच झाली की मधे ब्रेक घेऊन दोनदा?" कारण २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रुडिसिल केसमध्ये सांगितलंय की दोन वेगवेगळ्या सर्व्हिसवर दोन्ही बेनिफिट कमावले असतील तर दोन्ही मिळून एकूण ४८ महिन्यांपर्यंत वापरता येतात. हे ब्रोशर वाचून सुचत नाही हो. आणि अशा सल्ल्याची किंमत तासाला सव्वासात!

माझं म्हणणं, स्टेटचा आकडा सोडा आणि कॉलेज तशाच कामाला इतर विद्यार्थ्यांना जे देतं ते द्या. वरचा फरक कॉलेजने भरायची सोय नियमात आहेच, पण ती कॉलेजच्या मर्जीवर आहे, सक्ती नाही.

दुसरं म्हणजे अट. किमान थ्री-क्वार्टर टाइम शिकत असाल तरच काम, म्हणजे साधारण नऊ क्रेडिट. लेकरं सांभाळून सहा क्रेडिट घेणारी बाई बाद, आणि खरी गरज तर तिलाच. त्यात जीआय बिलाचा घरभाड्याचा भत्ता २०११ पासून दोन सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत मिळत नाही, डिसेंबर-जानेवारीत घरमालक थोडाच थांबतो? वर्क-स्टडीच्या पैशांचा सुरुवातीला ॲडव्हान्स मिळतो, पण ४० टक्के तासांचा किंवा ५० तासांचा, जो कमी असेल तो, टेक्सासात जास्तीत जास्त ३६२ डॉलर.

आणि काम व्हेटरन्सशी संबंधितच हवं. व्हीएचं हॉस्पिटल चालतं, सैनिकी स्मशानभूमी चालते, पण हेलिकॉप्टरची इंजिनं उघडलेला पोरगा मेकॅनिकल शिकत असला तरी डिपार्टमेंटच्या लॅबमधलं काम यात बसवणं अवघड. हे मला तरी पटत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, हे फक्त सैनिकांनाच का? तर नाही, शहीद किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलेल्या सैनिकाच्या बायको-मुलांना जे शिक्षणाचं बेनिफिट मिळतं, त्यावर शिकणाऱ्यांनाही ही स्कीम लागू आहे, रेट मात्र तोच.