प्रोपोलिसची अ‍ॅलर्जी किती जणांना होते?

नमस्कार मंडळी! आधी ही माझी बोटं बघा. काल ओले काजूगर सोलले. चिकाने बोटं काळी पडलीत, सालं निघतायत. माझी आत्या शेजारीच बसून सोलत होती, तिच्या हाताला ढिम्म काही नाही! प्रोपोलिसचंही असंच असतं.

मधमाश्या झाडांचा राळेसारखा चीक आणतात, त्यात मेण कालवतात आणि पोळ्याच्या फटी बुजवतात. गवंडीकामच ते. हे मिश्रण म्हणजेच प्रोपोलिस. त्याचाच अर्क घशाच्या स्प्रेत, ओठांच्या बाममध्ये, क्रीममध्ये असतो.

आता आकडा. पॅच टेस्ट (संशयित पदार्थाच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून करायची अ‍ॅलर्जीची तपासणी) झालेल्या रुग्णांत 1.2 ते 6.6 टक्के लोकांना ही अ‍ॅलर्जी आढळते. पण हे लोक कोण? आधीच खाज, इसब घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे आलेले. मासळीबाजारातल्या कुठल्याही शंभर माणसांतले सहा नव्हेत! सर्वसाधारण लोकांत प्रमाण बरंच कमी. ज्यांचे हात रोज त्यात, त्या जर्मन मधपाळांच्या एका पाहणीत ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघालं.

खरी गोची वेळेची. माशी डसल्यावर काही मिनिटांत अंगभर गांधी उठतात, श्वास लागतो, ती विषाची अ‍ॅलर्जी, वेगळी. प्रोपोलिसची बहुधा एक-दोन दिवसांनी उठते. सोमवारी बाम लावला, मंगळवारी कालवं खाल्ली, बुधवारी ओठ सुजून फाटले. शिव्या कुणाला? कालवांना! शिवाय महिनोन्‌महिने चाललेला बामही एक दिवस अचानक उठू शकतो. म्हणूनच पॅच टेस्टमध्ये पाठीवरच्या पट्ट्या 2 दिवसांनी काढतात आणि चौथ्या दिवशी पाठ पुन्हा बघतात.

युरोपात हा चीक मुख्यतः पॉप्लर झाडाच्या कळ्यांचा. त्यातली कॅफिक आम्लाची संयुगं हे मुख्य गुन्हेगार. ज्यांना पेरू बाल्सम (फळाचा पेरू नव्हे, एका झाडाचा सुगंधी चीक) सोसत नाही, त्यांना प्रोपोलिसही बाधू शकतं.

आणि एक गंमत. आपल्या परड्यातल्या पेटीतली सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, प्रोपोलिस जवळजवळ जमवतच नाही! तेव्हा कुणी 'घरच्या सातेरीचं प्रोपोलिस' विकायला आलाच, तर माशी कुठली ते आधी विचारा.

ओठ उठले असतील तर बाम बंद करा, पण डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. डबीवरच्या घटकांच्या यादीत प्रोपोलिस नसेल, नुसतं मधमाशीचं मेण असेल, तरी दाखवा. मेणातही ते थोडंफार उरलेलं असू शकतं.