ब्रेक दाबला की गाडी मागून का सरकते?

(गाडी समोरून येते. जोरात ब्रेक. मागचा भाग डावीकडे सरकतो.)

हे परत बघूया, स्लो करून. नाक खाली बसलं, मागची बाजू वर उचलली आणि त्याच क्षणी गाडी मागून डावीकडे गेली. ड्रायव्हरने स्टिअरिंग हलवलेलं नाही, त्याचे हात बघा, सरळच आहेत. ब्रेक सोडला तशी गाडी आपोआप सरळ झाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या गाडीचे पुढचे पॅड बदलून झालेत, डिस्क बदलून झाल्या, दोनदा अलाइनमेंट झालं. तरी हे असंच.

आधी वजनाचं समजून घेऊ. हजार किलोची गाडी धरा, उभी असताना ६०० पुढे, ४०० मागे. आता पाऊण जी पेक्षा थोडा जास्त, म्हणजे ०.८ जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर) इतका कडक ब्रेक मारला की साधारण पावणेदोनशे किलो मागून पुढे जातं, मागे उरतं जेमतेम सव्वादोनशे. एवढ्याशा वजनावर मागच्या टायरने पकड धरायची आणि गाडीला सरळही ठेवायचं. त्यामुळे उभ्या गाडीत कळणार पण नाही असा बारीकसा दोष ब्रेक मारताना एकदम मोठा होतो.

(मागच्या टायरवर पांढरी चिकटपट्टी लावताना.)

पहिला प्रश्न एकच, मागचं चाक लॉक होतंय का, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरतंय का? मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते, म्हणून तर गाडी बनवताना पुढची चाकं आधी लॉक होतील असाच हिशोब ठेवतात. टायरवर पट्टी चिकटवली, बाजूने शूट केलं, रस्ता रिकामा, वेग साठ, पाच वेळा तोच प्रकार. बघा, पट्टी फिरतेय, फिरतेय, गाडी सरकतेय आणि पट्टी अजूनही फिरतेच आहे. रस्त्यावर काळा पट्टा नाही, पायाला एबीएसची, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर नाही. म्हणजे चाक लॉक होत नाहीये. खूप जणांचा हात इथे थेट ब्रेककडे जातो आणि इथेच पैसे वाया जातात, हे मला अगदी मनापासून सांगायचंय.

दुसरा प्रश्न, दरवेळी एकाच बाजूला जाते का? पाचही वेळा डावीकडे. कधी डावीकडे कधी उजवीकडे गेली असती तर आपण दोन्ही मागचे शॉकअप, दोन्ही टायर, पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी हे बघितलं असतं. एकाच बाजूला जाते म्हणजे काहीतरी एकाच बाजूचं आहे.

मागच्या ब्रेकचे ड्रम उघडले. व्हील सिलिंडर कोरडा, शूवर ऑइल नाही, हँडब्रेकची केबल मोकळी. झालं, पुढे.

(बोटं टायरच्या आतल्या कडेवर फिरतात.)

आता हा हात बघा. एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखं लागतं. असं दातेरी झिजणं म्हणजे चाक थोडं तिरकं धावतंय. पण अलाइनमेंटचा रिपोर्ट तर एकदम बरोबर! दोन्ही खरं आहे, कारण मशीन मोजतं उभी गाडी, आणि उभ्या गाडीत चाकांना जागेवर धरून ठेवणाऱ्या रबरावर ब्रेकचा जोर नसतोच.

(गाडीच्या खालचा कॅमेरा.)

या शॉटसाठी अर्धा दिवस गेला पण तो सार्थकी लागला. मागच्या अ‍ॅक्सलचा (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचा) हा डावा बुश, म्हणजे आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि मधे रबर. अ‍ॅक्सल बॉडीला जोडलेला असतो तो अशाच दोन बुशांवर, एक डावीकडे एक उजवीकडे. बॉडीपासून अ‍ॅक्सलच्या हातापर्यंत (चाकाकडे जाणारी दांडी) आम्ही पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारलीय. गाडी चालतेय, रेघ सरळ. आता ब्रेक... रेघ तुटली. अ‍ॅक्सल मागे गेला. ब्रेक सोडला, रेघ परत जुळली. उजव्या बुशावरची रेघ बघा, जागची हललेली नाही.

म्हणजे होतं काय, ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे खेचतो, उजवा बुश धरून ठेवतो, डाव्यातलं रबर फाटलेलं असल्यामुळे डावं चाक मागे जातं, अख्खा अ‍ॅक्सल तिरका होतो आणि मागची दोन्ही चाकं डावीकडे तोंड करतात. मागून कोणीतरी स्टिअरिंग फिरवल्यासारखंच. म्हणून गाडी मागून डावीकडे जाते, ज्या बाजूचा बुश गेला त्याच बाजूला, आणि म्हणूनच ब्रेक सोडला की सरळ होते. दोष पुढच्या ब्रेकमध्ये असता तर स्टिअरिंग हातात ओढलं असतं. इथे स्टिअरिंग शांत, जे काही जाणवतं ते सीटमध्ये, कमरेखाली.

वेग जास्त, रस्ता ओला आणि थोडं वळण असलं तर गाडी आडवी होते.

(टॉमी लावून बुश हलवताना.)

कॅमेरा नसेल तर हे करा, लिफ्टवर टॉमी, म्हणजे लांब लोखंडी पहार, लावून अ‍ॅक्सलचा हात पुढे-मागे दाबा आणि दोन्ही बाजूंची तुलना करा. नुसतं डोळ्यांनी बघू नका, जोर नसला की चीर मिटलेली असते. ही बघा, दाबली की उघडते, बोटाचं नख आत जातंय.

बुश बदलायचे तर दोन्ही बदला, आणि शेवटचा बोल्ट आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून. लटकत्या अ‍ॅक्सलवर आवळला तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि नवा बुश लवकर फाटतो. हे फार ठिकाणी चुकतं.

(तोच रस्ता, तोच वेग, ब्रेक. इथे निवेदन नाही. ड्रायव्हरचा चेहरा, मग टायरवरची पट्टी.)