डी मॉर्गनचा राजीनामा आणि आपले विद्यापीठ

अध्यक्ष महोदय आणि प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

शासकीय विद्यापीठात आणि त्याच्या संलग्न महाविद्यालयांत शिकवणाऱ्या ख्रिस्ती प्राध्यापकाने आपल्या श्रद्धेचे काय करावे, हा आजच्या बैठकीचा विषय आहे. वर्गात श्रद्धेविषयी किती बोलावे, विद्यार्थ्याने आपणहून विचारले तर काय उत्तर द्यावे आणि निवड समितीवर बसल्यावर कसे वागावे, या तीन प्रश्नांवर बोलण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी, गणित शिकवता शिकवता माझ्या मनात घर करून राहिलेली एक हकिकत मला सांगायची आहे, कारण ती समजल्याशिवाय या तीन प्रश्नांची उत्तरे नीट लागत नाहीत, असे माझे मत आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची अशी समजूत असते की, धर्मनिरपेक्ष विद्यापीठ हे दुसऱ्या कोणाचे तरी घर आहे आणि आपण तेथे भाडेकरू म्हणून, मालकाच्या मर्जीने राहतो. म्हणून आपण जपून बोलतो, रविवारी परीक्षेचे काम आले तरी तक्रार करत नाही आणि सहकाऱ्यांसमोर उपासनेचा उल्लेख टाळतो. ही समजूत इतिहासाला धरून नाही. कोणत्याही धर्माची अट नसलेले विद्यापीठ असावे, ही मागणी इंग्लंडमध्ये ज्यांनी रेटली, त्यांत श्रद्धावान माणसे मोठ्या संख्येने होती आणि श्रद्धेपायीच त्यांना विद्यापीठाबाहेर ठेवले गेले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन पंथाच्या एकोणचाळीस श्रद्धाकलमांवर सही करावी लागे. केंब्रिजमध्ये शिकता येई, पण पदवी घेताना आपण त्याच पंथाचे आहोत असे जाहीर करावे लागे. त्यामुळे बॅप्टिस्ट, देवाचे त्रैक्य न मानणारे युनिटेरियन, रोमन कॅथलिक, यहुदी या सर्वांना ही दारे बंद होती. 1826 मध्ये लंडनमध्ये जी नवी संस्था स्थापन झाली आणि पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणून ओळखली गेली, तिच्या संस्थापकांत हेन्री ब्रूमसारख्या राजकारणी पुरुषांबरोबर फ्रान्सिस कॉक्स हे बॅप्टिस्ट पाळक होते, आयझॅक लायन गोल्डस्मिड हे यहुदी व्यापारी होते आणि गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचणारे झॅकरी मॅकॉले होते. विरोधकांनी तिची 'गॉवर स्ट्रीटवरील निरीश्वर संस्था' अशी संभावना केली आणि तिला उत्तर म्हणून 1829 मध्ये किंग्ज कॉलेज उभे केले. ज्या संस्थेला निरीश्वर म्हटले गेले, तिच्या उभारणीत एका पाळकाचा हात होता, हे आपण आपल्या तरुण सहकाऱ्यांना आवर्जून सांगायला हवे.

या संस्थेत गणिताचा पहिला प्राध्यापक म्हणून 1828 मध्ये ज्याची नेमणूक झाली, तो ऑगस्टस डी मॉर्गन त्या वेळी अवघा एकवीस वर्षांचा होता. बारावीच्या गणितातील तर्कशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात ज्याचे नियम आपली मुले पाठ करतात, तोच हा डी मॉर्गन. त्याचा जन्म 1806 मध्ये आपल्याच देशात, मदुराईला झाला. त्याची आई कडक अँग्लिकन होती, पण मोठेपणी तो कोणत्याही एका पंथाच्या मंडळीत सामील झाला नाही, देवावरील विश्वास मात्र त्याने सोडला नाही. केंब्रिजमध्ये तो पदवी परीक्षेत चौथा आला होता. पुढची पदवी आणि फेलोशिप घेण्यासाठी धार्मिक प्रतिज्ञेवर सही करणे भाग होते, ती त्याने नाकारली आणि त्या विद्यापीठातील आपला मार्ग स्वतःच बंद करून घेतला. (दिल्ली कॉलेजातील शिक्षक रामचंद्र यांनी महत्तम व लघुतम मूल्यांवर लिहिलेला ग्रंथ 1859 मध्ये लंडनहून दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध करवणारा गणिती हाच, आणि रामचंद्र 1852 मध्ये ख्रिस्ती झाले होते. हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, तो येथे आवरतो.)

मला जे सांगायचे आहे ते 1866 मधील आहे. त्या वर्षी या कॉलेजातील मानसशास्त्र व तर्कशास्त्राचे अध्यासन रिकामे झाले. जेम्स मार्टिनो या विद्वानाने अर्ज केला. त्याच्या योग्यतेविषयी वाद नव्हता, पण तो युनिटेरियन पाळक होता. कार्यकारी मंडळातील जॉर्ज ग्रोट आणि त्याच्या बाजूचे सभासद यांचे म्हणणे असे की, एखाद्या पंथाचा पाळक या जागेवर बसवला, तर संस्थेची तटस्थता भंग पावेल. मार्टिनोला डावलले गेले. डी मॉर्गन तोपर्यंत मध्यंतरीची काही वर्षे सोडता जवळजवळ सारे आयुष्य तेथे शिकवत आला होता, त्याने राजीनामा दिला. त्याचा युक्तिवाद गणितीच्या स्वभावाला साजेसा आहे. संस्था तटस्थ असेल, तर उमेदवाराची श्रद्धा निवडीच्या हिशेबात धरताच येत नाही, त्याच्या बाजूनेही नाही आणि त्याच्या विरुद्धही नाही. श्रद्धेमुळे एखाद्याला नाकारणे ही ऑक्सफर्डचीच धर्मपरीक्षा आहे, फक्त तिचे चिन्ह उलटे केले आहे. पुढे त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याची प्रतिमा करवून घेण्याचे ठरवले, तेव्हा त्याने तेही नाकारले, कारण ज्या संस्थेची त्याने सेवा केली होती, ती त्याच्या लेखी आता उरली नव्हती. 1871 च्या मार्चमध्ये तो वारला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व डरहॅम येथील धार्मिक अटी बव्हंशी रद्द करणारा कायदा मंजूर झाला.

या हकिकतीवर मी इतका वेळ घेतला, कारण अनेक वर्षांपूर्वी एका विद्यापीठात मुलाखतीला बसलो असताना माझ्या विषयावरचे प्रश्न लवकर संपले आणि माझ्या नावावरून सुरू झालेले प्रश्न मात्र संपेनात. मी वर्गात प्रचार करणार का, सुट्टीत कोठे जातो, माझ्या शिक्षणाचा खर्च कोणी केला, असे ते प्रश्न होते. तेव्हा मला डी मॉर्गन ठाऊक होता तो फक्त नियमांपुरता. त्याचा राजीनामा ठाऊक असता, तर मी अधिक शांतपणे उत्तरे दिली असती.

हा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले आणि सर्व वर्गांच्या व पंथांच्या लोकांसाठी ते असल्याचे त्याच्या कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. 1868 मध्ये त्याचे कुलगुरुपद डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याकडे आले. शुभवर्तमान सांगण्यासाठी मुंबईत आलेला माणूस कोणत्याही धर्माची अट नसलेल्या विद्यापीठाचा कारभार पाहू शकला, त्यात त्याला विसंगती वाटली नाही. येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1843 मध्ये मिशनच्या शाळेत शिकणारे नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांचा लहान भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला पुन्हा स्वधर्मात घेण्यासाठी पुढाकार घेतला. त्या घरावर काय गुजरले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. ख्रिस्ती शिक्षकाविषयी महाराष्ट्रात जो संशय आढळतो, त्याचे एक मूळ तेथे आहे. तो संशय द्वेषातूनच आला, असे म्हणून मोकळे होणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून कबूल केलेल्या तीन प्रश्नांकडे घाईने वळतो.

वर्गाविषयी: राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 नुसार पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र धर्मांचा अभ्यास त्या मनाईत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केले आहे. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने तर पदवीच्या पहिल्या वर्षी बुद्ध, येशू, मुहंमद, कबीर, नानक अशा धर्मपुरुषांची चरित्रे शिकवावीत, अशी शिफारस केली होती. तेव्हा मराठी साहित्याच्या वर्गात फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण किंवा रेव्हरंड टिळकांची कविता शिकवताना आवाज खाली आणण्याचे कारण नाही, आणि ज्ञानेश्वरी शिकवताना आपण कमी तयारी करून जाणे हे मला पाप वाटते. वर्गातील ताबेदार विद्यार्थ्यांसमोर आपल्या श्रद्धेची साक्ष देणे मात्र टाळावे, कारण त्यांच्या गुणांची पेन्सिल आपल्या हातात असते.

विद्यार्थ्याने विचारले तर काय, यावर 1854 च्या वुडच्या खलित्यातील, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्रातील, नियम मला आजही पुरेसा वाटतो. सरकारी शाळेतील शिक्षण निधर्मी असावे, पण विद्यार्थ्याने स्वतःच्या इच्छेने ख्रिस्ती धर्माविषयी विचारले, तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर खुलासा करण्यास हरकत नाही, असे त्यात म्हटले होते. विचारणारा आपला चालू परीक्षार्थी असेल, तर मी त्याला निकाल लागल्यावर यायला सांगतो. पौलाने इफिसमध्ये तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे वादसंवाद केला, तेथे येणारा कोणीही परीक्षेतील गुणांसाठी त्याच्यावर अवलंबून नव्हता.

निवड समितीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठी सर्वांत कमी वेळ उरला आहे. मार्टिनोची मते डी मॉर्गनची नव्हती, तरी त्याने जागा सोडली. म्हणून आपल्यासमोर मुस्लिम, बौद्ध किंवा देव न मानणारा उमेदवार बसला असेल आणि त्याला त्याच्या धर्मावरून किंवा धर्म नसण्यावरून प्रश्न विचारला गेला, तर पहिला आक्षेप ख्रिस्ती सभासदाने घ्यावा. उमेदवार ख्रिस्ती असेल, तर त्याला सवलत मिळावी म्हणून शब्द टाकू नये. आक्षेप तोंडी ठेवू नये. अहवालावर सही करण्यापूर्वी आपला भिन्न अभिप्राय त्याच कागदावर लिहावा आणि मग सही करावी. अशा अभिप्रायाचा एक नमुना मी सोबत आणला आहे. आपल्यापैकी जे या वर्षी समित्यांवर आहेत, त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी तो वाचून त्यातील कायदेशीर उणिवा मला दाखवाव्यात, अशी माझी विनंती आहे.