जाळी पैलवान, भिंत म्हातारी

श्रोतेहो, नमस्कार.

चहाची गाळणी आणि पिठाची चाळणी तुमच्या रोजच्या हातातली. त्यांतली स्टेनलेस स्टीलची जाळी आता घराच्या जिन्याला, गॅलरीला, इमारतीच्या दर्शनी बाजूला लागते. तार जाड, भोकं मोठी, एवढाच फरक. पॅरिसमध्ये 1990च्या दशकात फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं. दोमिनिक पेरो या वास्तुविशारदानं तिथे आतल्या छतांना आणि भिंतींना विणलेली स्टीलची जाळी वापरली. ही जाळी मागावरच विणतात, उभ्या तारा आणि आडव्या तारा. इचलकरंजीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुसरा प्रकार तारदोराचा. बारीक तारा पिळून दोर करायचा आणि त्या दोरांची शंकरपाळ्याच्या आकाराची जाळी चौकटीत ताणून बसवायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली माणसांचे जीव वाचावेत म्हणून स्टेनलेसचं जाळं लावलंय. ते काम 2024 साली पुरं झालं. खाऱ्या वाऱ्यात, धुक्यात, तेही थेट समुद्राच्या तोंडावर.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे, कारण जाळीबद्दल जे कळायला हवं ते सगळं तिच्यात आहे.

मधे चौक, वर चारी बाजूंनी माडीची गॅलरी, तिला सागवानी कठडा. कठड्याचे गज कातीव, देखणे, पण दोन गजांत वीतभर अंतर. घरात पणतू रांगायचा थांबून चालायला लागलेला. एका दुपारी त्यानं दोन गजांमधून डोकं बाहेर काढलं आणि खाली चौकात भांडी घासणाऱ्या मावशींना हाका मारायला सुरुवात केली. मावशी वर धावल्या, पोर सुखरूप आत आलं, पण घराची झोप उडाली.

मुलांनी ठरवलं, वरपासून खालपर्यंत लोखंडी ग्रील मारायचं. आजी ऐकेनात. त्या गॅलरीत बसून त्या सगळं घर चालवायच्या. दूधवाल्याचा हिशोब, तुळशीपुढचा दिवा, कोण आलं, कोण गेलं, सगळं वरून. म्हणाल्या, "मला पिंजऱ्यात घालायलाय व्हय रे?" आजींची बाजू मला पटली. घर सुरक्षित करायचं म्हणजे माणसाला कोंडायचं, ही समजूत आपल्याकडे फार रुजली आहे. कोल्हापुरात नव्या फ्लॅटच्या खिडक्यांना ग्रीलच्या पेट्या बसवतात आणि त्यांना उघडणारी झडपही ठेवत नाहीत. आग लागली तर माणूस बाहेर पडणार कुठून? एक झडप ठेवा, आतून कडी-कुलूप लावा, किल्ली खिडकीजवळच टांगा. विषय ग्रीलचा नाही, तरी हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

तर, आजींसाठी तारदोराची जाळी ठरली. जुने गज तसेच ठेवायचे आणि आतल्या बाजूनं जाळी ताणायची. उद्यमनगरातला फॅब्रिकेटर मिस्त्री आला. हाताचा कसबी माणूस. पाइपची चौकट केली, दोन्ही टोकांच्या भिंतींत बोल्ट ठोकले, जाळी ताणली. चार पावलं मागं गेलं की जाळी दिसेनाशीच व्हायची. आजी खूश. थोरला मुलगा मात्र म्हणाला, "एवढ्याशा तारेचा भरवसा काय?"

आमच्या पेठांत असली शंका आली की तालमीतून माणूस येतो. नातवाचा दोस्त आला, शंभर किलोच्या पुढचा गडी. मी आधी त्याच्या कमरेला दोर बांधायला लावला आणि तो दोर आतल्या खांबाला अडकवला. मग तो विचारतो, "रेलू का, मिस्त्री?" मिस्त्री म्हणाला, "रेल की मर्दा!" पैलवानानं पाठ लावली आणि सगळा भार टाकला. जाळी पोट काढावं तशी जराशी फुगली. एक तार तुटली नाही, एक सांधा सरकला नाही. पण कोपऱ्यातून खरखर आवाज आला आणि भिंतीची माती भुरभुर खाली पडली. बोल्ट बोटभर बाहेर आले होते. भिंत जुन्या विटांची, मातीत बांधलेली. आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "जाळी पैलवान हाय, भिंत म्हातारी हाय."

मिस्त्रीनं एका शब्दानं वाद घातला नाही. सगळं उतरवलं. सागवानी खांबांना आणि खालच्या तुळईला आरपार भोकं पाडून, दोन्हीकडून पट्ट्या लावून बोल्ट आवळले. पुन्हा जाळी ताणली, पुन्हा दोर, पुन्हा तोच पैलवान. या वेळी माती नाही, आवाज नाही. आजींनी पेला भरून दूध दिलं त्याला, आणि दुसऱ्या दिवसापासून पणतू जाळीला नाक लावून मावशींशी बोलायला लागला.

श्रोतेहो, जाळीची ताकद कडेला असते. पुन्हा सांगतो, कडेला. ताणलेली जाळी कुणी हात लावला नाही तरी रात्रंदिवस चौकटीला आत ओढत असते. म्हणून जाळी कितीची, हे विचारण्याआधी ती कशाला बांधणार, हे विचारा. कठडा निदान 1 मीटर उंच हवा, दोन गजांमधून 10 सेंटिमीटरचा गोळा जाता कामा नये, आणि जाळीच्या भोकात पोराच्या पायाचा अंगठा रुतून त्याला वर चढता येऊ नये.

आता धातूचं. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि गंज थोपवतो. कोल्हापूरच्या पावसाला 304 नंबरचं स्टील पुरतं. मालवण-रत्नागिरीकडे घर असेल तर 316 घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते खाऱ्या हवेत टिकतं. चुंबक लावून परीक्षा करू नका. 202 नंबरचं स्वस्त स्टीलही चुंबकाला फारसं चिकटत नाही आणि लवकर डागाळतं. उलट ओढून बारीक केलेली 304ची अस्सल तार थोडी चिकटू शकते. नंबर बिलावर लिहून घ्या. बोल्ट आणि स्क्रूही स्टेनलेसचेच घ्या, साधे लोखंडी बोल्ट स्टेनलेसला टेकून आधी सडतात. साधं लोखंड कापलेल्या ग्राइंडरच्या चाकानं स्टेनलेस कापू देऊ नका, लोखंडाचे कण रुततात आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके उठतात.

आणि फरशी धुताना अॅसिड ओतायची सवय असेल, तर जाळीजवळ ती बंद करा. त्याची वाफसुद्धा स्टेनलेसला खड्डे पाडते. साबणाचं पाणी, मऊ फडकं, वर साध्या पाण्याचा हात. पावसाचा फवारा पोचत नाही अशा आतल्या कोपऱ्यांवर धूळ साचते, तिथे महिन्यातून एकदा नक्की हात फिरवा.

नमस्कार.