एक वाइन वेलाची, एक पेल्यातली

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘इंग्रजीतले समोच्चारी शब्द : अर्थ आणि फरक’. चेहरे शिकवणीला आल्यासारखे करू नका, वह्या काढायच्या नाहीयेत. आणि नाशकात हा विषय घ्यायचा तर सुरुवात द्राक्षापासूनच व्हायला हवी.

पिंपळगाव बसवंतकडे माझा एक बागायतदार मित्र आहे. त्याला परदेशातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. गडी तडफेनं इंग्रजीत म्हणाला, ‘माझी सात एकर वाइन आहे.’ पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, ‘किती जुनी?’ ‘बारा वर्षांची!’ त्या गृहस्थांचा आवाज एकदम अदबशीर झाला. चवीला कशी आहे, म्हणाले. मित्र म्हणतो, ‘आत्ता कसली चव? कालच खरड छाटणी झालीय.’ (हशा)

हसा, हसा. पण हे दोन शब्द वेगळे म्हणून दाखवणारे इथे किती निघतील? वेलाची, ‘व्ही’नं लिहायची वाइन म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. पेल्यातली, ‘डब्ल्यू’वाली म्हणताना ओठांचा चंबू होतो. आपला ‘व’ या दोघांच्या मधे कुठेतरी बसलेला, त्यामुळे दोन्ही एकच. घरी आरशासमोर करून बघा. फक्त दार लावून घ्या. आणि दिवसाचा ‘दिन’ नि गरिबाचा ‘दीन’ आपण तरी बोलताना कुठे वेगळे काढतो?

माझा हट्ट एवढाच, की अशी जोडी भेटली की पाठांतराआधी चौकशी करायची : बाबांनो, तुम्ही आलात कुठून? या दोघींचं मूळ लॅटिनच. मद्याला रोमन लोक ‘विनम’ म्हणायचे, तेही चंबू करून. त्या काळात जर्मानिक टोळ्यांनी तो शब्द उचलला आणि पुढे ब्रिटनमध्ये नेला. वेलाचा शब्द आला १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, त्यांच्या फ्रेंचमधून. तोवर तिकडे दात ओठाला लागले होते. गंमत पुढे आहे. जुन्या इंग्रजीत द्राक्षबागेच्या नावातही चंबूवालाच उच्चार होता, फ्रेंच वेलानं तो नंतर हुसकावला. म्हणजे माझा मित्र चुकला नव्हता, हजारेक वर्षं उशिरा फोनवर आला होता!

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. अहो, मुख्य विषय तर आत्ता सुरू होतोय. असो, पळतो.

स्टेशनरी. शेवटी ए-आर-वाय असेल तर जागचं न हलणारं, ई-आर-वाय असेल तर वह्या-पेनं. मध्ययुगात फिरते विक्रेते पुष्कळ, पण विद्यापीठाजवळ बूड टेकून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर. म्हणजे तीही एकाच घरातली. फ्लॉवर शेवटी डब्ल्यू-ई-आर असेल तर फूल, यू-आर असेल तर पीठ, हाही मुळात एकच शब्द : दळणातला सगळ्यात उत्तम भाग, म्हणजे त्याचं फूल. कॉम्प्लिमेंट ‘आय’नं लिहिलं तर स्तुती, ‘ई’नं लिहिलं तर पूरक.

उच्चार एक आणि स्पेलिंग दोन, असं का? कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना काढला १४७६ च्या सुमारास. छापखान्यांनी हळूहळू स्पेलिंगं गोठवली, उच्चार मात्र सरकत राहिले. सरदाराच्या ‘नाइट’मधला ‘के’ तेव्हा तोंडात होता, आता फक्त कागदावर उरलाय. मांसाचं ‘मीट’ आणि भेटीचं ‘मीट’ यांचे स्वरही वेगळे होते.

अफेक्ट-इफेक्ट राहिलं. पहिलं बहुधा क्रियापद, दुसरं बहुधा नाम. ‘बहुधा’ का, ते चहाच्या वेळी विचारा. माईकवाले उभे राहिलेत.