राख आणि कानस : मिरजेतला एक उपवासकाळ

[दृश्य : चर्चच्या मागचं अंगण. पत्र्याचं घमेलं, वाळलेल्या झावळ्या.]

या गेल्या वर्षीच्या झावळ्या. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, लोकांनी हातात धरून मिरवल्या, घरी नेऊन त्यांचे छोटे क्रूस विणले आणि देवाच्या फोटोमागं खोचून ठेवले. वर्षभर तिथंच वाळले. आता घराघरातून परत आलेत. घमेल्यात काडी टाकली की भसकन पेटतात आणि दोन मिनिटांत खेळ संपतो. पोतंभर झावळ्यांची राख निघते ओंजळभर. ती चाळणीनं चाळायची. खाली पडते ती काळी, मऊ, चिमटीत धरली तर बोटांच्या रेषांत जाऊन बसणारी.

उद्या राखेचा बुधवार. हीच राख कपाळावर क्रूसाच्या खुणेनं लागेल. फादर एकेकाला म्हणतील, “पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा.” तिथून ईस्टरपर्यंत, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, उपवासकाळ.

[दृश्य : मिरज स्टेशन, रिक्षा, दर्ग्याकडे जाणारा रस्ता.]

मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आठवतं मिशन हॉस्पिटल आणि ते उभारणारे डॉक्टर वॉन्लेस. ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. कॅथलिक वेगळे, आणि सांगली जिल्ह्यात संख्येनं थोडे. इथली चर्च १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात मोडतात.

मी त्याच थोड्यांतला. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आमच्याकडून सात पापं पाठ करून घेतली होती. बोटं मोडत म्हणायचो : गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस. एखादं विसरलं की पुन्हा पहिल्यापासून. सद्गुणही सात आहेत, पण ते कुणी पाठ करून घेतल्याचं आठवत नाही. पाप आम्हाला नावानिशी ओळखीचं झालं आणि सद्गुण म्हणजे नुसतं ‘चांगलं वागा’. ही चूक शिकवणीची नव्हे, शिकवण्याच्या क्रमाची. ती मनात सलत होती म्हणून हा कॅमेरा उचलला.

[दृश्य : वाचनाच्या मेजावर उघडा ग्रंथ, पानं उलटणारा हात.]

कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणाचा हा ग्रंथ १९९२ सालचा. परिच्छेदांना आकडे आहेत. सद्गुण सुरू होतात १८०३ ला, पाप येतं १८४६ ला. मधले त्रेचाळीस परिच्छेद सद्गुणांचे आणि पवित्र आत्म्याच्या दानांचे. चर्चनं आधी काय सांगितलंय ते इथं डोळ्यांनी दिसतं. आणि सद्गुण म्हणजे काय? चांगलं करण्याची मनाची पक्की, सवयीची ठेवण. एखाद्या दिवशी भिकाऱ्याला दहा रुपये दिले, ती चांगली कृती झाली. देणं अंगवळणी पडलं, न दिल्यास चुकल्यासारखं वाटू लागलं, तो सद्गुण.

[दृश्य : चर्चचा जुना दरवाजा. बिजागरी जवळून.]

सातांतल्या चार सद्गुणांना लॅटिनमध्ये बिजागरीवरून नाव पडलंय : विवेक, न्याय, धैर्य, संयम. माणसाचं बाकीचं सगळं वागणं या चार बिजागऱ्यांवर उघडतं आणि मिटतं. त्यातही विवेक हा सारथी. न्यायानं कुणाचं देणं द्यायचं, धैर्यानं कुठं उभं राहायचं, संयमानं कुठं थांबायचं, ही वाट तो दाखवतो.

[दृश्य : सतारमेकरांची गल्ली. भोपळे टांगलेले. लाकडाचा भुसा.]

खरं तर या गल्लीत आम्ही गावाची दोन-चार दृश्यं घ्यायला आलो होतो. पंढरपूरकडून येणारे हे मोठाले भोपळे, ओळीनं उभे तानपुरे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या आधी दीड शतकाहून जास्त काळ हे काम इथं चालू आहे. एका दुकानात चाचा जवारी काढत, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवत बसले होते. पाच मिनिटांसाठी कॅमेरा लावला, तो पाऊण तास उचलता आला नाही.

[दृश्य : घोडी, कानस, चाचांची बोटं. इथं निवेदन सावकाश.]

ही घोडी. तारा हिच्यावरून जातात. हिची पाठ सपाट दिसते, पण सपाट नाही, तिला अगदी किंचित उतार आहे. त्या उतारावर तार नुसती टेकत नाही, थरथरताना पुन्हा पुन्हा घासून जाते, म्हणून तानपुऱ्याचा आवाज असा खुलतो. चाचा कानशीनं दोन हात मारतात. फुंकर. घोडी जागेवर. तार छेडतात, मान तिरकी करून ऐकतात. नाही. घोडी काढतात. पुन्हा दोन हात. तारेखाली सुताचा दोरा सरकवून बघतात. पुन्हा नाही. एक हात जास्त पडला की उतार बिघडला, मग सगळी पाठ नव्यानं काढायची.

मी विचारलं, “चाचा, कधी कळतं झालं म्हणून?” ते म्हणाले, “हाताला कळतंय. आधी कानाला, मग हाताला.”

चाचा मुसलमान, माझ्या विषयाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. पण ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल नेमकं हेच सांगून गेला होता : तंतुवाद्य वाजवूनच माणूस वादक होतो, न्यायानं वागूनच न्यायी होतो. तेराव्या शतकात चर्चचे मोठे विचारवंत संत थॉमस अक्विनास यांनी ती विचारसरणी उचलली आणि सद्गुणांची सगळी मांडणी त्या पायावर उभी केली. वाईट सवयीही अशाच लागतात, दोन-दोन हात मारत. पहिलं खोटं बोलताना जीभ अडखळते. दहाव्याला अडखळत नाही.

[दृश्य : मेणबत्त्या, वेदी.]

उरलेले तीन सद्गुण मात्र सरावानं येत नाहीत. श्रद्धा, आशा, प्रीती. ही देवाची देणगी. इथं कानशीची उपमा थांबते, आणि ती ओढून ताणून पुढं न्यावी असं मला वाटत नाही. संत पौलांनी या तिघांत प्रीती श्रेष्ठ म्हटली.

[दृश्य : मार्चमधली दुपार. बंद दुकानं, सावलीत झोपलेलं कुत्रं.]

आता पाप. आपल्याकडं षड्रिपू आहेत : काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. चर्चच्या सातांशी ताडून बघा, पाच सरळ जुळतात. मोह तिकडं वेगळा मोजलेला नाही. खादाडपणा आणि आळस इकडच्या सहांत नाहीत.

आळसाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात संन्यासी राहत. त्यांच्यातल्या इव्हाग्रियसनं मनाला भुलवणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यातल्या एकाला तो दुपारचा दानव म्हणतो. हा आला की सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी सारखा खिडकीतून बघतो, जेवणाची वेळ कधी होणार म्हणून उन्हाचा अंदाज घेतो, आपली खोली, आपलं काम, सगळ्याचा वीट येतो. लोळत पडणं म्हणजे आळस, अशी आमची वर्गातली समजूत होती. पण चांगल्याचाच कंटाळा येणं हे खरं दुखणं. मिरजेच्या या दुपारीही तो दानव गल्लीत फिरत असणार.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी आठाची यादी सातांवर आणली आणि गर्वाला साऱ्यांचं मूळ ठरवलं. त्यांच्या यादीत दुःख होतं, पुढं त्या जागी आळस आला. यांना प्रमुख पापं म्हणतात, कारण त्यांच्या पोटी बाकीची जन्मतात.

[दृश्य : सांगली मार्केट यार्ड. हळदीचा ढीग, काटा.]

सगळी पापं एका वजनाची नाहीत. आत्म्याला मारणारं पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पुरतं माहीत हवं आणि स्वतःच्या मर्जीनं केलेली हवी. यातली एक जरी नसली तरी ते पाप त्या वजनाचं धरत नाहीत. भीती, दडपण, जडलेली सवय यांनी दोष कमी होऊ शकतो, हेही शिकवणीतच आहे. लहानपणी हे कुणी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री शांत झोप लागली असती.

[दृश्य : उसाच्या गाड्या, टोळी. एकच शॉट.]

मजुराची मजुरी बुडवणं हे तर स्वर्गाकडं आक्रोश करणाऱ्या पापांत मोजलंय. चोरलेलं परत करावं लागतं, नुसतं रडून भागत नाही. आणि नरक म्हणजे देवापासून कायमचं तुटणं.

[दृश्य : शनिवार संध्याकाळ. चर्चमध्ये कन्फेशनची, म्हणजे फादरपुढं पापांची कबुली देण्याची रांग.]

१२१५ साली रोममध्ये भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेनं वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्याचा नियम घातला. बहुतेक लोक ते या दिवसांत उरकतात. आधी बाकावर बसून मन तपासायचं. प्रार्थनेत शब्द आहेत : विचारांनी, बोलण्यानं, कृतीनं, आणि जे करायचं होतं ते न करण्यानं. त्या शेवटच्या भागावर बरेच जण रेंगाळतात, ओठ हलताना दिसतात.

पडद्यापलीकडं कॅमेरा गेला नाही. आत बोललेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांनाही नाही, कोर्टातही नाही. ही गुप्ततेची मोहर मोडणारा फादर आपोआप बहिष्कृत होतो.

[दृश्य : एक आजी बाहेर येतात.]

आजी आत होत्या चार मिनिटं. बाहेर आल्या, पदर डोक्यावर सारखा केला, खांबाला धरून गुडघे टेकले. प्रायश्चित्त म्हणून काय मिळालं ते त्यांनाच माहीत. जपमाळेचे मणी एकेक पुढं सरकतात. तर्जनीच्या पेरावर राखेचा पुसट डाग आहे, किंवा हळदीचाही असेल. रांगेतला पुढचा मुलगा चप्पल बाजूला सारून उठतो.